पिकअपला बर्फाची चेन: कोणती घ्यावी, कशी बसवावी आणि पिशवीत परत कशी भरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डबल कॅब पिकअप घेतली आहे, लागेल तेव्हा जोडायचं फोर बाय फोर आहे, टायर २६५/६५ आर १७. हिवाळ्यात डोंगरातल्या बर्फाच्या रस्त्याने जायचं आहे. विकणारा म्हणाला, फोर बाय फोर असताना चेन कशाला? मित्र म्हणतो चारही चाकांना लाव. तर चेन घ्यावी का, कोणत्या चाकांना लावावी, कशी लावावी आणि हिवाळा संपल्यावर कशी ठेवावी?

विकणाऱ्याचं म्हणणं आधी बाजूला ठेवा. फोर बाय फोरमुळे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणून गाडी सुटायला आणि चढायला मदत होते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीचे चारही चाकांनाच असतात. उतारावर ब्रेक मारल्यावर फोर बाय फोर आणि साधी गाडी यांत काहीही फरक नसतो, दोन्हींना थांबवतं ते टायर आणि बर्फ यांच्यातलं घर्षण. शिवाय पिकअपचं वजन जास्त, त्यामुळे एकदा घसरायला लागली की आवरणं कठीण. फोर बाय फोरवाला चढ सहज चढून जातो, त्याच भरवशावर पलीकडे उतरायला लागतो आणि अडचणीत येतो तो तिथे. कॅलिफोर्नियाच्या डोंगरी रस्त्यांवर चेनच्या नियमांच्या तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीत, म्हणजे आर-२ मध्ये, चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर बाय फोरला चेन न लावता जाता येतं, पण चेन गाडीत असावीच लागते. आर-३ लागलं की कुणालाच सूट नाही.

म्हणून चेन घ्या. पण त्याआधी टायर बघा. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो बर्फासाठी तपासलेला टायर. नुसतं एम आणि एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. नक्षी ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर बर्फात तो टायर जवळजवळ गुळगुळीतच समजा. चांगला टायर असेल तर चेन क्वचित लावावी लागते, आणि लावल्यावर तिचं कामही हलकं होतं.

आता चेनचं माप. ते दाराच्या पट्टीवरून किंवा गाडीच्या कागदांवरून घेऊ नका, चाकाजवळ बसून टायरवरच वाचा. पिकअपवाल्यांना मोठे टायर टाकायची हौस असते, आणि कागदावर जुनंच माप राहतं. २६५/६५ आर १७ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत उंची आणि इंचांत रिम) हे पूर्णच्या पूर्ण जुळलं पाहिजे. '१७ इंची चाकाची चेन' असं काही नसतं, कारण एकाच १७ इंची रिमवर बुटका टायरही बसतो आणि उंचही.

माप जुळल्यानंतरचा प्रश्न जागेचा आहे, आणि पिकअपमध्ये लोक इथेच जास्त चुकतात. टायरच्या आतल्या बाजूला ब्रेकचा होज (ब्रेकच्या तेलाची नळी), एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर, शॉक ॲब्सॉर्बर आणि मागे पाट्यांची स्प्रिंग असते. चेन लागली की टायर जाड होतो. अमेरिकेत यासाठी तीन वर्ग ठरलेले आहेत. एस वर्गाच्या गाडीत टायरच्या माथ्यावर सुमारे ३७ आणि आतल्या कडेला १५ मिलिमीटर मोकळी जागा लागते, यू वर्गाला ५० आणि २३, आणि डब्ल्यू वर्गाला ६४ आणि ३८. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात तुमची गाडी कुठल्या वर्गात बसते किंवा किती जाडीची चेन चालते ते दिलेलं असतं. कित्येक पिकअपच्या पुस्तकांत पुढच्या चाकांना चेन लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण पुढे जागाच नसते. पुस्तकात नाही म्हटलं असेल तर तिथे विषय संपला. आणि स्वतः मोजताना दोन गोष्टी करा: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढची जागा बघा, आणि हौद्यात नेहमीचं ओझं टाकून मागची. रिकाम्या गाडीत भरपूर दिसणारी जागा स्प्रिंग बसल्यावर उरत नाही.

चेनचे प्रकार अनेक आहेत, पण पिकअपसाठी खरी निवड दोन-तीनच. शिडीसारखी चेन म्हणजे दोन बाजूंना लांब साखळ्या आणि मधे आडव्या साखळ्या. हॅरी वीड नावाच्या माणसाने १९०४ मध्ये अमेरिकेत टायरच्या साखळीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा साचा फारसा बदललेला नाही. दणकट, दुरुस्तीला सोपी, खोल बर्फात ओढ चांगली. पण दोन आडव्या साखळ्यांच्या मधे टायर उघडा राहतो, त्यामुळे गाडी थडथडते आणि वळणावर आडवं घसरणं तितकंसं रोखलं जात नाही. दुसरी चौकटीच्या जाळीची. तिच्यात साखळीचा काही ना काही भाग कायम जमिनीला टेकलेला असतो, म्हणून ती वळणावर आणि ब्रेकला जास्त भरवशाची. माझं मत विचाराल तर रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपला चौकटीची जाळीच घ्या. शिडीची चेन शेतातल्या, जंगलातल्या खोल बर्फासाठी ठेवा. कडी गोल तारेची आहे की कडा असलेल्या चौकोनी तारेची, तेही हात लावून बघा, कारण कडा असलेली कडी कडक बर्फात चांगली रुतते. वायररोपच्या केबल हलक्या असतात आणि कमी जागेत मावतात, पण भरलेल्या पिकअपखाली लवकर झिजतात. जागाच नसेल तेव्हाचा तो पर्याय आहे. टायरवर चढवायचे कापडी मोजे मिळतात, ते अडलेली गाडी सोडवायला ठीक. डांबर लागलं की बघता बघता फाटतात.

कोणत्या चाकांना? नियम सांगायला सोपा आहे: ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना. तुमच्या गाडीत टू-व्हील मोडमध्ये मागची चाकं ओढतात, म्हणून एकच जोडी असेल तर मागे. पण या एका जोडीने काय होतं ते नीट समजून घ्या. मागे चेन असेल तर गाडी चढेल, पण उतारावर पुढची चाकं उघडीच असतात, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ जाऊ पाहते. उलट फक्त पुढे लावली तर स्टिअरिंग ऐकतं, पण उतारावर ब्रेक मारला की हलकी मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते. आणि पिकअपची मागची बाजू रिकामी असेल तर हलकीच असते. तेव्हा तुमचा मित्र बरोबर आहे. पुस्तकात परवानगी असेल तर चारही चाकांना लावा. परवानगी फक्त मागची असेल तर मागे चेन, पुढे उत्तम बर्फाचे टायर, आणि उतारावर माणूस चालतो त्या वेगाने. मागे जोडटायर असतील तर साधी चेन बाहेरच्या टायरला लागते, दोन्ही टायरना मिळून लावायची चेन वेगळी येते.

फोर बाय फोरबद्दल आणखी एक. लागेल तेव्हा जोडायच्या प्रकारात पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का जोडला जातो. मागच्या चाकांना चेन लावली की त्यांचा घेर किंचित वाढतो, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकाच अंतरासाठी वेगवेगळे फेरे मारू पाहतात. बर्फावर चाक थोडं सरकून हा ताण सोडतं. डांबरावर सरकायला जागा नसते, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर येतो. म्हणून बर्फ विरळ झालं, डांबर दिसायला लागलं की फोर बाय फोर काढून टू-व्हीलवर या.

हौद्यात वजन टाकायचं असेल तर वाळूच्या पोत्या उत्तम, अडकल्यावर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. त्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा. अगदी मागे, फाळक्याजवळ ठेवल्या तर पुढची बाजू उचलली जाते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. आणि बांधा. सुटी पोती ब्रेक लागल्यावर केबिनच्या पाठीवर येऊन आदळते.

आता बसवणं. आधी घरी, कोरड्या जागी, उजेडात दोनदा बसवून काढा, आणि तिसऱ्यांदा हातमोजे घालून. हे मी कळकळीने सांगतो. चेनची पिशवी पहिल्यांदा घाटात उघडणारी माणसं मी दर हिवाळ्यात बघतो. संध्याकाळ होत आलेली, बोटं सुन्न, गुंता सुटत नाही, आणि शेवटी कळतं की माप चुकीचं आणलंय. ते घरी कळलं असतं तर बदलून घेता आलं असतं.

रस्त्यावर जागा सपाट बघा, वळणापासून लांब, जाणाऱ्या गाड्यांपासून दूर. बर्फ लागायच्या आधीच थांबा, चढावर अडकल्यावर चेन लावणं चौपट अवघड. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ज्या चाकांना चेन लावायची नाही त्यांना पुढून-मागून दगड, इंडिकेटर चालू, मागे त्रिकोण. खाली टाकायला जुनी ताडपत्री किंवा रबरी मॅट, डोक्याला बांधायचा टॉर्च, आणि पाणी न शोषणारे रबरी हातमोजे. लोकरीचे हातमोजे दोन मिनिटांत भिजतात आणि मग नसलेलेच बरे. टायरची हवा काढून चेन चढवायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. हवा परत भरली की चेन टायरमध्ये रुतते, आणि कमी हवेत चालवलं तर टायर रिममधून सुटतो.

चेन जमिनीवर पूर्ण पसरा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दोन्ही हातांनी चाचपत जा, कुठेही पीळ राहू देऊ नका. कड्यांची गुळगुळीत बाजू टायरकडे आणि हुकांची उघडी तोंडं टायरपासून लांब, बाहेर. हे उलटं झालं तर प्रत्येक फेऱ्याला हुकाचं टोक टायरच्या बाजूला खुपसत राहतं, आणि टायरची बाजू सगळ्यात नाजूक असते.

चौकटीच्या चेनला आत एक केबलचं किंवा स्प्रिंगचं कडं असतं, त्याची दोन टोकं बहुतेक रंगाने ओळखता येतात. ते कडं चाकामागून जमिनीलगत पलीकडे सरकवा, दोन्ही टोकं वर उचलून टायरच्या माथ्यावर जोडा आणि मग आतल्या बाजूला ढकलून टाका. आता टायरच्या आत हात घालून बोटांनी फिरवून बघा: कडं सगळीकडून आतल्या बाजूला सारखं बसलंय ना, कुठे माथ्यावर अडकलेलं नाही ना. डोळ्यांना तिथलं दिसत नाही, ते बोटांनाच कळतं. मग बाहेरचे हुक रंगाप्रमाणे जोडा, ताणायची साखळी तिच्या अडकणीतून ओवून जोरात ओढा आणि उरलेलं टोक बाहेरच्या साखळीत नीट अडकवा.

शिडीच्या चेनचं वेगळं आहे. ती टायरवर वरून टाकायची, टोकं टायरच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडायची, पुढचं टोक टायरखाली जाईल असं सरळ ठेवायचं आणि गाडी हळूच अर्धा मीटर पुढे घ्यायची. गाडी पुढे घेणारा एक आणि बघणारा एक, अशी दोन माणसं असली तर बरं. आधी आतला हुक, नंतर बाहेरचा. आतला हुक किती कड्या सोडून लावला ते मोजा. आत तीन कड्या उरल्या असतील तर बाहेरही तीनच उरल्या पाहिजेत. एका बाजूला दोन आणि दुसरीकडे चार झाल्या तर चेन टायरवर तिरकी बसते, आणि थोड्याच वेळात सरकून आत ब्रेकच्या होजकडे जाते. मग बाजूच्या साखळीत कॅम (चेन ताणायच्या फिरत्या चकत्या) असतील तर चावीने फिरवून ताण द्या, आणि वरून रबराचं ताणकडं लावा, त्याचेही हुक बाहेर तोंड करून. रबर हे पूरक आहे. ढिली बसलेली चेन रबराने घट्ट होत नाही.

आणि मग सगळ्यात जास्त चुकवली जाणारी पायरी. ५० ते १०० मीटर हळू चालवा, थांबा, उतरा, परत ताणा. फिरताना कड्या आपापल्या जागी बसतात आणि आधी घट्ट वाटलेली चेन दोन-तीन कड्यांनी ढिली निघते, हे दर वेळी होतं. नीट बसलेल्या चेनखाली एखादं बोट जेमतेम जाईल, हात जाता कामा नये. एकदा पाऊस-बर्फ एकत्र कोसळत होतं म्हणून मी परत उतरलो नाही. चार-पाच किलोमीटरवर मागून टक-टक आवाज यायला लागला. चढ संपला की बघू, म्हणून मी तसाच पुढे गेलो. वर पोहोचेपर्यंत सुटलेल्या टोकाने मडगार्डच्या आतलं प्लास्टिक फाडलं होतं आणि एबीएसची वायर तोडली होती. ब्रेकचा होज त्या वायरपासून चार बोटांवर होता. तेव्हापासून आवाज आला की मी त्याच जागी थांबतो. लयीत येणारा टक-टक आवाज म्हणजे काहीतरी सुटलंय किंवा तुटलंय, दुसरं काही नाही.

चालवताना ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नका, बहुतेक चेनवर हीच मर्यादा लिहिलेली असते, आणि तुमच्या चेनवर कमी लिहिली असेल तर ती. मी भरलेल्या पिकअपला ३० ते ४० च्या मधे ठेवतो. ॲक्सिलरेटर हलका. चाक जागेवर गरगर फिरू देऊ नका. फिरतं चाक अचानक दगडाला किंवा डांबराला चावलं की कडी तुटते, कधी शाफ्टला दणका बसतो. खोल बर्फात सुटताना ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगर फिरू न देणारी यंत्रणा) ताकद कापून टाकत असेल तर तेवढ्यापुरतं बटणाने बंद करा, गाडी चालू लागली की परत सुरू करा. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. खड्या उतारावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त ओढीच्या गिअरमध्ये) पहिला-दुसरा गिअर गाडीला धरून ठेवतो आणि ब्रेकवर हलकाच पाय द्यावा लागतो. फुटपाथच्या कडेला चाक घासू देऊ नका. आणि चेनवर जास्तीचा विश्वास टाकू नका: काचेसारख्या पातळ बर्फावर चेन असूनही थांबायला खूप लांबी लागते.

चेन काढायची कधी? मधेच डांबराचे छोटे तुकडे लागले तर वेग २० वर आणून पार करा. सलग डांबर लागलं की सुरक्षित जागा बघून काढा. कोरड्या रस्त्यावर चेन कड्यांची, टायरची आणि रस्त्याची, सगळ्यांची वाट लावते. काढताना आधी रबर आणि ताण सोडा, मग बाहेरचा हुक, मग आतला. चेन जमिनीवर पाडा आणि गाडी तिच्यावरून पुढे घ्या. ताणलेल्या रबराच्या रेषेत तोंड आणू नका.

सोबत थोडं सामान हवंच: पक्कड, मऊ लोखंडी तार, प्लास्टिकचे जाड टाय आणि त्याच चेनच्या मापाच्या दोन-चार जोडकड्या. आडवी साखळी तुटली तर टोकं तारेने बाजूच्या साखळीला आवळून कमी वेगाने पुढच्या सपाट जागेपर्यंत जाता येतं. बाजूची साखळी तुटली तर मात्र ती चेन काढायचीच.

परत आल्यावर त्याच दिवशी चेन धुवा. बर्फाच्या रस्त्यांवर मीठ टाकलेलं असतं, आणि ओली, खारट चेन पिशवीत बंद राहिली तर आठवड्यात गंज धरते. कोमट, साध्या पाण्याने खळखळून धुवा, खिळ्याला टांगून पूर्ण सुकू द्या. टांगलेली असतानाच कडी न् कडी बघा. जमिनीला लागणाऱ्या कडीची जाडी मूळच्या निम्म्यावर आली असेल तर ती साखळी गेली. तडा, वाकलेला हुक, उघडी पडलेली कडी, हेही तेव्हाच दिसतं. रबरं वेगळी काढा, कारण तेलाने रबर फुगून कुजतं, आणि मगच साखळीला कापडाने तेलाचा पातळ हात द्या. टपकेल इतकं तेल लावू नका, ते पुढच्या वेळी टायरवर उतरतं. रबर ओढून बघा, बारीक चिरा दिसल्या तर नवं घ्या.

पिशवीत भरताना चेन कोंबू नका. पुढच्या वेळी ती ज्या क्रमाने हातात यायला हवी, त्याच्या उलट क्रमाने भरा. चौकटीच्या चेनचं जोडायचं टोक सगळ्यात शेवटी, म्हणजे वर येईल असं. शिडीची चेन असेल तर दोन बाजूच्या साखळ्या एकत्र धरून दर दोन वितींवर सुतळीने सैल बांधा, गुंता होतच नाही. एका चाकाची चेन एका पिशवीत, दोन एकत्र नाहीत. पुढची-मागची मापं वेगळी असतील तर पिशवीवर रंगाने खूण करा. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत दमट राहतं. जाड कापड किंवा जाळीची पिशवी बरी. उन्हाळाभर कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवा.

आणि हिवाळ्यात गाडीत कुठे? उघड्या हौद्यात टाकलेली पिशवी भिजून गोठते आणि चेनचा एकच दगड होतो. ती केबिनमध्ये, मागच्या सीटखाली ठेवा, आणि तिच्यासोबतच त्याच जागी हातमोजे, टॉर्च, पक्कड आणि कॅमची चावी. सामान भरताना चेन सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे रात्री रस्त्याच्या कडेला बाकी काही न उतरवता हात थेट तिच्यावर पडेल.